एक मेज, एक पाणी : नागपूर, १९७०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली नावे विसर्जित केली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया अशा त्या सहा मंडळ्या. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या मंडळ्या यांपैकी शेवटच्या प्रवाहातून या ऐक्यात आल्या.

वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. चार दशके लागण्याचे कारण मानापमान नव्हे (तेही थोडेफार असणारच). खरी अडचण होती ती बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या दोन संस्कारांची.

तान्ह्या बालकाच्या मस्तकी पाणी घालावे, की जाणत्या वयात विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा? बाहेरच्यास हा कर्मकांडाचा तपशील वाटेल. परंतु जाणत्यांच्या बाप्तिस्म्याच्या आग्रहापायी १५२७ साली झुरिक येथे फेलिक्स मान्त्स यास नदीत बुडवून मारण्यात आले होते. ज्या मताची किंमत प्राणांनी चुकवली गेली, ते ठरावाने सुटत नाही. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या आणि बालकांना बाप्तिस्मा देणे ज्या पाळकाच्या विवेकास पटत नाही, त्याच्यावर सक्ती ठेवली नाही.

प्रभुभोजनाचा प्रश्न अधिक नाजूक होता. बिशपने दीक्षा न दिलेल्या पाळकाने मोडलेली भाकर अँग्लिकन शिस्तीत ग्राह्य नव्हती. दक्षिणेत १९४७ साली ऐक्य झाले, तेव्हा पूर्वीचे पाळक आहेत तसेच स्वीकारले गेले. त्यामुळे इंग्लंडमधील अँग्लिकन चर्च दीर्घकाळ साशंक राहिले. उत्तरेने निराळा मार्ग काढला. सर्व परंपरांच्या सेवकांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करावयाची, आणि कोणाच्या दीक्षेत काय उणे होते याचा निवाडा देवावर सोपवावयाचा. बिशपांनीही मस्तक नमवावयाचे होते, आणि बिशपपद कधीच न मानलेल्यांनी ते पद स्वीकारावयाचे होते. कोणाचा त्याग मोठा, हे सांगणे अवघड आहे.

वाटाघाटींत मात्र सात मंडळ्या होत्या. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन १९७० साली माघार घेतली. पुढे १९८१ मध्ये त्यांनी ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून आपली स्वायत्त वाट धरली.