विरारची गाडी आणि गोविंदाची घडण

गोविंदाचं नाव निघालं की वसई-विरार पट्ट्यात 'आपल्या विरारचा पोरगा' असे शब्द हटकून कानावर पडतात. पुढची गोष्टही ठरलेली असते. घरची ओढाताण, लोकलच्या गर्दीत लोंबकळत अंधेरी-जुहूच्या वाऱ्या, अंगात नाच, आणि १९८६ साली एकाएकी उघडलेलं नशीब. यातलं काहीच खोटं नाही, पण ही गोष्ट अर्ध्यावरून सुरू होते. हे कुटुंब विरारला आलं कुठून आणि कशामुळे, हे ती विचारतच नाही. त्यामुळे दोन गोष्टींवर अन्याय होतो. चित्रपटधंद्याने आपल्याच माणसांना शहराबाहेर कसं लोटलं, हे झाकलं जातं. आणि वसई तालुक्याने त्या माणसांना काय दिलं, याचीही चुकीची नोंद होते. माझं म्हणणं असं की गोविंदा हा सिनेमाच्या घरातलाच मुलगा होता. विरारने त्याला कला दिली नाही, तर तिच्यापासून तुटू दिलं नाही, आणि हे देणं लहान नाही.

वडील अरुणकुमार आहुजा हे मूळचे पंजाबातल्या गुजरांवालाचे. मेहबूब खान यांच्या 'एक ही रास्ता' (१९३९) आणि 'औरत' (१९४०) या चित्रपटांत त्यांनी कामं केली. याच 'औरत'वरून मेहबूब यांनी पुढे १९५७ साली 'मदर इंडिया' काढला. म्हणजे हिंदी चित्रपटाच्या पायाभरणीत ज्यांचा हात होता, त्यांच्यापैकी हे एक घर. वांद्र्याच्या कार्टर रोडवर त्यांचा बंगला होता, असं सांगतात. मग अरुणकुमार स्वतः निर्मितीत उतरले, चित्रपट पडला आणि घर गेलं. त्या काळाकडे पाहिलं तर हे एका माणसाचं दुर्दैव वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी नट ठेवणाऱ्या स्टुडिओंचा जमाना ओसरत गेला. पुण्याची 'प्रभात' १९५३च्या सुमारास थांबली, 'बॉम्बे टॉकीज'ही त्याच सुमारास. महिन्याचा पगार गेला आणि त्याच्या जागी व्याजाने काढलेलं भांडवल आलं. नटाने आपला पैसा चित्रपटात घालावा आणि एका अपयशात राहतं छप्पर गमवावं, हे तेव्हा अनेकांच्या वाट्याला आलं. भगवानदादांचं उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको. 'अलबेला'ने (१९५१) जे दिलं ते पुढच्या चित्रपटांनी नेलं, जुहूचा बंगला सुटला आणि दादरच्या चाळीत उरलेलं आयुष्य गेलं. भगवानदादांना निदान गिरणगावाच्या जगातली आपली माणसं होती. पंजाबातून आलेल्या आहुजांना फाळणीनंतर मागे परतायलाही गाव उरलं नव्हतं. त्यांना स्वस्त जागा हवी होती, आणि ती रेल्वेच्या शेवटच्या टोकाला मिळाली.

त्या टोकाचं महत्त्व समजायला विरारपेक्षा पाचूबंदरकडे पाहणं अधिक उपयोगाचं. वसईच्या किल्ल्याला खेटून असलेलं हे कोळ्यांचं गाव. ख्रिस्ती कोळी आणि हिंदू कोळी दोघांचंही. पोट समुद्रावर, डोलीच्या जाळ्यावर, वाळवलेल्या बोंबलावर. मासळी काढणं गावात होतं, पण तिचा पैसा व्हायचा तर मुंबईचा बाजार गाठावा लागे, आणि तिथवर नेणारी वाट रेल्वेचीच. विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली ती १८६७ साली, आणि १९३६ साली विरारपर्यंत वीज आल्यावर हा प्रवास रोजचा झाला. पाट्या घेऊन मालडब्यात बसणाऱ्या कोळणी पश्चिम रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. त्यांनी शहराशी एक विशिष्ट नातं जोडलं होतं: राहायचं आपल्या गावात, माल विकायचा मुंबईत आणि रात्री परत यायचं. शहरातलं घर परवडत नसलं तरी शहरातला धंदा हातचा जात नाही, हे या किनाऱ्याने फार आधीपासून सिद्ध केलं होतं. आहुजा कुटुंब ज्या वाटेने जगलं ती वाट अशी आधीच मळलेली होती.

ती वाट चालू राहिली याचा पुरावा गोविंदाच्या आईकडे सापडतो. निर्मलादेवी पतियाळा घराण्याच्या गायिका, ठुमरीसाठी नावाजलेल्या; चाळीसच्या दशकात त्यांनी चित्रपटांत भूमिकाही केल्या. घर पडल्यावर त्यांचं गाणं थांबलं नाही. हृषीकेश मुखर्जींच्या 'बावर्ची'मधल्या (१९७२) समूहगीतात मन्ना डे, किशोरकुमार आणि लक्ष्मी शंकर यांच्यासोबत त्यांचाही आवाज आहे. तेव्हा गोविंदा आठ-नऊ वर्षांचा होता (जन्म २१ डिसेंबर १९६३). घरात रियाज चालतो, आई गायला जाते, कमावून परत येते, हे पाहत तो वाढला. पुढे वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली. त्याच्या नाचातला ताल लोक अंगभूत म्हणून सोडून देतात. मला त्यात ठुमरीच्या घरातलं लयीचं शिक्षण दिसतं. एकच ओळ चेहऱ्याने, भुवईने, खांद्याने वेगवेगळी वळवण्याची त्याची हातोटी ठुमरीतल्या भावाच्या फिरतीच्या फार जवळची आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कला रक्तातच होती आणि नातलग धंद्यात होते, तर विरारचं कौतुक कशाला? नातलगांचा आधार मिळाला हे मान्य करायलाच हवं. 'तन-बदन' या चित्रपटातून त्याला संधी देणारे आनंद सिंग हे त्याचे मामाच. पण १९४० सालच्या नायकाची ओळख १९८५ साली कितीशी चालणार? पहलाज निहलानींचा 'इल्जाम' (१९८६) त्या ओळखीने मिळालेला नव्हता. गोविंदाने तासन्‌तास नाच घोटला, स्वतःच्या नाचाची व्हिडिओ कॅसेट बनवून निर्मात्यांकडे फिरवली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. व्हिडिओ घरोघर पोचत होता तो नेमका याच वर्षांत. त्याआधीच्या पिढीतल्या पोराला स्टुडिओच्या फाटकाशी ताटकळण्यावाचून इलाज नव्हता. कॅसेट माणसाच्या आधी आत जाऊ शकत होती. नृत्यदिग्दर्शिका सरोज खान यांनीही त्याची आठवण सांगितली आहे, ती विरारहून शिकायला येणाऱ्या आणि द्यायला पैसे नसलेल्या मुलाची. त्या काळात बोरिवलीच्या पुढे दोनच रूळ होते, गाड्या मोजक्या. बोरिवली-विरार चौपदरी मार्ग पूर्ण झाला तो २००७ साली. तेव्हा ही ये-जा म्हणजे रोजची तालीमच म्हणायची. वंशाने कान दिला. रोज जाण्याची सोय आणि रोज जाण्याची जिद्द यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडी सगळ्यांसाठीच होती, मग सिनेमाशी या भूमीचं नातं एवढ्या एकाच नावात का सामावावं? शिवाय चित्रपटवाले तर वसईत कायम येतात. पाचूबंदरच्या शेजारचा किल्ला कितीतरी हिंदी गाण्यांत दिसतो. कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाचं २०१६ सालचं 'हिम फॉर द वीकेंड'देखील काही अंशी तिथेच चित्रित झालं. पण कॅमेरा येतो तेव्हा तो दगड, चिंच आणि आभाळ घेऊन जातो. भिंतीपलीकडे जाळी विणणारा माणूस त्या चौकटीत शिरत नाही आणि शूटिंग आवरल्यावर गावात काही मागे राहत नाही. जागा पार्श्वभूमी म्हणून वापरली जाणं आणि जागेने कलावंत जगवणं, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही. पाचूबंदरच्या वाट्याला पहिली आली, विरारच्या वाट्याला दुसरी. दुसरी दुर्मीळ आहे, कारण तिला स्वस्त घर, रेल्वे आणि घरातली विद्या या तिन्हींची गाठ पडावी लागते. पहिल्या दोन गोष्टी इथे हजारोंकडे होत्या, तिसरी फार थोड्यांकडे.

यश आल्यावर गोविंदा जुहूला गेला आणि यावरून त्याला कृतघ्न म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. ज्या घराला कर्जाने समुद्रकिनाऱ्यावरून उठवलं, त्या घराच्या मुलाने पुन्हा किनारा गाठावा यात त्या आई-वडिलांचं एक जुनं देणं फिटलं. दोघांनीही, अनुक्रमे १९९६ आणि १९९८ साली जाण्यापूर्वी, ते दिवस पाहिले. हिशेबाची दुसरी बाजू मात्र सोडता येत नाही. २००४ साली तो उत्तर मुंबईतून लोकसभेला उभा राहिला, तेव्हा जुन्या रचनेप्रमाणे वसईही त्या मतदारसंघात होती. पाच वेळा निवडून आलेल्या राम नाईक यांचा त्याने सुमारे ४८ हजार मतांनी पराभव केला. राम नाईक यांचं लोकलच्या प्रवाशांसाठीचं काम या पट्ट्याला ठाऊक होतं, तरी इथल्या पुष्कळ मतदारांनी आपल्या गाडीतून गेलेल्या मुलाला कौल दिला. तो खासदार म्हणून फारसा दिसला नाही अशी तक्रार पुढे झाली, आणि २००९ साली तो उभा राहिला नाही. त्याच वर्षी वसई-विरार महापालिका झाली. स्वस्त जागा आणि विरळ वस्ती हे जे एका पडलेल्या कलावंत घराला इथे मिळालं होतं, ते तोवर संपत आलं होतं.