इंजिन कोणतं, आणि ते बसवायचं कसं?

तत्त्वज्ञानाचा माणूस विमानाच्या इंजिनावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावी चोवीस वर्षांचा एक तरुण गेला. घरच्यांचा विचार करून त्याचं नाव मी घेत नाही. शाळा अर्धवट सुटलेली, हातात वेल्डिंगची कला. त्याने स्वतः एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं होतं, मारुती ८०० चं इंजिन घालून. स्वातंत्र्यदिनाला ते गावाला दाखवायचं होतं. चाचणी चालू असताना, त्या वेळच्या बातम्यांनुसार, मागचा पंखा तुटला, तो मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठ्या पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. पुढे महिनाभर एकच प्रश्न ऐकू येत होता, मारुतीच्या इंजिनाने हेलिकॉप्टर उडतं का? मला वाटतं हा प्रश्नच आडवाटेचा आहे. बातम्या खऱ्या धरल्या तर इंजिन बिघडलं नव्हतं, ते चालत होतं. तुटलं ते इंजिनाचा जोर सोसणारं.

ही गोष्ट जुनी आहे. वॉशिंग्टनचे सॅम्युअल लँग्ली मोठे शास्त्रज्ञ, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांनी आधी वाफेवरची मॉडेल्स उडवली. मग माणूस नेणाऱ्या विमानाचं एक चतुर्थांश आकाराचं मॉडेल केलं आणि त्यात पेट्रोलचं इंजिन बसवलं. जून १९०१ मध्ये ते उडालं. पेट्रोलच्या इंजिनावर उडालेलं ते पहिलं मॉडेल विमान. पुढे चार्ल्स मॅनली यांनी मोठ्या विमानासाठी ५२ अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. त्या काळी वजनाच्या मानाने एवढी ताकद चमत्कारच होती. पण ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये दोन्ही वेळा ते विमान थेट पोटोमॅक नदीत गेलं. लँग्ली विमान सोडण्याच्या यंत्रणेला दोष देत राहिले. बहुतेक अभ्यासक मात्र म्हणतात की सांगाडाच कमजोर होता.

इथे हिशेब समजून घ्या. कोणतीही वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं, पण तिच्या काड्यांचा, दांड्यांचा छेद चारपटच वाढतो. चौपट केली तर वजन चौसष्टपट आणि छेद सोळापट. म्हणजे जे मॉडेल सुखाने उडतं, तेच मोठं केलं की स्वतःच्याच वजनाने कण्हायला लागतं. लँग्लींनी इंजिन मोठं केलं, हाडं त्या मानाने केली नाहीत.

आणि राइट बंधू? त्यांनी मोटारवाल्या कंपन्यांना पत्रं लिहिली. हवं तसं हलकं इंजिन कुणी दिलं नाही. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत इंजिन घडवलं. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचा सांचा, ताकद १२ अश्वशक्तीच्या आसपास. लँग्लींच्या चौथाईपेक्षाही कमी! पण ते बसवलं कसं, ते बघा. चालक डावीकडे पालथा झोपणार, म्हणून इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख सुमारे चार इंचांनी लांब. पंखे दोन, सायकलसारख्या साखळीवर चालणारे. त्यातली एक साखळी तिढा देऊन घातलेली, म्हणजे दोन पंखे उलट दिशांना फिरतील आणि एकाचा पीळ दुसरा फेडेल. एवढं करूनही नोव्हेंबरमध्ये इंजिनाच्या धक्क्यांनी पंख्यांचे दांडे तुटले, साखळीच्या चाक्या सैल झाल्या. दांडे पोलादाचे नवे करून आणले. आणि चाक्या कशाने पक्क्या केल्या? सायकलचे टायर चिकटवायच्या सिमेंटने. १७ डिसेंबर १९०३ ला ते विमान १२ सेकंद उडालं, त्यात त्या सिमेंटचाही वाटा आहे.

(इथे कुणीतरी तळपद्यांचं नाव काढणार, म्हणून मीच काढतो. १८९५ च्या चौपाटीवरच्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही, आणि १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी ‘वैमानिकशास्त्रा’तली विमानं उडूच शकत नाहीत, हे दाखवून दिलं. मला अभिमानाचं वावडं नाही. पण त्या कथेत इंजिन कशावर टेकलं होतं, हे कुणीच सांगत नाही.)

आता मोठ्या मॉडेलकडे येतो. इंग्रजीत त्याला ‘गॅस इंजिन’ म्हणतात, तो गॅस म्हणजे आपला सिलिंडर नव्हे. अमेरिकन माणूस पेट्रोलला गॅस म्हणतो. १९३० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणाचं छोटं पेट्रोल इंजिन मॉडेलवाल्यांत गाजलं. १९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग आला आणि ठिणगीचा सगळा संसार, बॅटरी नि कॉइल, विमानातून उतरला. मग कितीतरी वर्षं मॉडेल म्हणजे मिथेनॉल आणि त्यात एरंडेल तेल. पेट्रोल परतलं ते १९७० च्या दशकात, मोठ्या मॉडेलांबरोबर, आणि परतलं ते लाकूडतोड्याच्या करवतीतून! यांत्रिक करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी चालावी लागते. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये पडद्याचा छोटा पंप असतो, इंजिनाच्याच धडधडीवर चालणारा. विमान कोलांटी घेतं, तेव्हा नेमकं हेच लागतं. आपल्या कापसाच्या शेतात पाठीवर घेतात तो पेट्रोलचा फवारणी पंप याच घराण्यातला. म्हणजे मंडळी, विमानाच्या इंजिनाचा चुलतभाऊ तुमच्या गोठ्यात टांगलेला असतो.

निवड कशी करायची? आधी विमानाचं वजन, मग पंखा, शेवटी इंजिन. लोक नेमकं उलटं करतात. दहा किलोच्या आसपासच्या विमानाला ५० ते ५५ सीसीचं एक सिलिंडर बहुधा पुरतं. ते २२-२३ इंचांचा पंखा फिरवतं. शंभर सीसी मिळतंय म्हणून घेतलं, तर नाक जड होतं, मग शेपटीत शिसं घाला, मग पंखांवर भार वाढतो, आणि ज्या ताकदीसाठी घेतलं तीच ताकद शिसं उचलण्यात जाते. एक सिलिंडर स्वस्त, पण हादरे जास्त. समोरासमोरच्या दोन सिलिंडरांत दट्टे विरुद्ध दिशांना धावतात, धक्के एकमेकांत जिरतात. पण वजन आणि किंमत वाढते.

बसवणं हे खरं काम. नाकाजवळची जाड प्लायवूडची भिंत, तिला फायरवॉल म्हणतात, नुसती डिंकाने चिकटवून भागत नाही. बाजूंना त्रिकोणी लाकडी ठोकळे आणि आरपार खुंट्या हव्यात. बोल्टना सैल न होऊ देणारा द्रव लावायचा, आणि पहिल्या काही उड्डाणांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा. इंजिन सरळ समोर तोंड करून न बसवता दोन-तीन अंश उजवीकडे वळवतात, कारण पंख्याच्या पिळाने विमान डावीकडे ओढलं जातं. झाकणात हवा शिरायला जेवढी वाट, त्याच्या दुप्पट-तिप्पट बाहेर पडायला, नाहीतर सिलिंडर तापतो. ठिणगीचा डबा रेडिओपासून लांब. पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, ती फुगून विरघळत जाते. पेट्रोलचीच नळी लागते. आणि जमिनीवरून ठिणगी बंद करणारा स्वतंत्र स्विच, हा हवाच. तो नसेल तर मी तरी शेजारी उभा राहणार नाही.

आमच्या वैशेषिक दर्शनात संयोग आणि समवाय असे दोन संबंध सांगितले आहेत. संयोग म्हणजे वेगळ्या वस्तूंचं जुळणं. जे जुळलं ते सुटूही शकतं. समवाय म्हणजे न सुटणारा संबंध, धागे आणि वस्त्र यांच्यासारखा. इंजिन आणि विमान यांच्यात नेहमी संयोगच असतो. माणूस मात्र बोल्ट घट्ट पिळला की समवाय झाला, असं धरून चालतो. हादरे त्याला मिनिटाला सात हजार वेळा उलटं सांगत असतात.

फुलसावंगीकडे परत जाऊ. हेलिकॉप्टरमध्ये मोठा पंखा फिरला की धड उलट्या दिशेला फिरू बघतं, म्हणून शेपटीचा छोटा पंखा. म्हणजे राइटांनी साखळीला तिढा देऊन सोडवलेलाच प्रश्न, पण कितीतरी अवघड रूपात. तो पंखा, त्याचा दांडा, त्याचे बेअरिंग, हे सगळं इंजिन बसवण्यातच मोजायला हवं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत रबरावर बसतं आणि त्याचा जोर चाकांतून जमिनीत जातो. हेलिकॉप्टरमध्ये तो जाणार कुठे? त्या तरुणाला हात होता, डोकंही होतं. मधली पायरी नव्हती. लँग्लींना ती पायरी माहीत होती, तरी ते पडले. याला तर कुणी सांगितलीच नाही. जिल्ह्यात दहा किलोचं मॉडेल घेऊन दहा वेळा पडायला जागा असती, कुणीतरी शेजारी उभं राहून बोल्ट तपासला असता, तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण मॉडेल तुटतं तेव्हा बहुधा लाकूडच तुटतं.

बहुधा म्हणालो, कारण २३ इंचांचा पंखाही बोटं घेऊन जातो. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी खुंटीला बांधायची, एका माणसाने पंखाच्या मागून धरायचं आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढणाऱ्यानेसुद्धा.

त्या अपघातानंतर दोनच आठवड्यांनी, २५ ऑगस्ट २०२१ ला, केंद्राचे ड्रोन नियम आले. २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल त्यांत स्वतंत्र धरलं आहे, आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. हिरवा भाग कोणता, तो नकाशावर आधी पाहून घ्यायचा. आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न किती सीसीचं घेऊ असा असेल, तर आधी विमानाचं वजन सांगा.