अर्काट : नकाशावरून उतरलेला मुलूख

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी नोकरदारास अर्काट हे नाव लवकरच भेटते. कोडंबाक्कमकडून पोरूरकडे जाणारा रस्ता अर्काटचा. रायपेट्ट्यातील अमीर महालात राहणारे घराणे अर्काटच्या राजपुत्रांचे. आमच्यासारख्या कारकुनास जुन्या धारिका चाळताना ‘उत्तर अर्काट’, ‘दक्षिण अर्काट’ असे जिल्ह्यांचे उल्लेख पदोपदी आढळतात. परंतु आज तामिळनाडूच्या नकाशावर या नावाचा एकही जिल्हा नाही. अर्काट हे पालार नदीच्या दक्षिण काठावरचे एक गाव तेवढे उरले असून तेही 2019 पासून राणीपेट जिल्ह्यात मोडते. एके काळी ज्याच्या नावाने सारा कर्नाटक प्रांत ओळखला जाई, त्या गावाची ही स्थिती कशी झाली, हा प्रश्न मराठी वाचकास परका वाटू नये. कारण या मुलखाच्या घडणीत आमच्या पूर्वजांचाही हात आहे, आणि त्याच्या मोडणीत एका मराठी कायदेपंडिताचा.

प्रथम भूमीचा विचार करू. पश्चिमेस जव्वादी आणि कल्वरायन या डोंगरांच्या रांगा, पूर्वेस बंगालचा उपसागर, आणि मधल्या सखल प्रदेशातून समुद्राकडे धावणाऱ्या पालार, पोन्नैयार व जिंजी या नद्या. धावणाऱ्या म्हणावयाचे खरे, पण वर्षातील बहुतेक महिने पालारच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. या मैदानात मधूनच प्रचंड शिळांचे डोंगर उभे राहतात. त्यांतल्या तिघांना तटबंदीने एकत्र गुंफून जो दुर्ग झाला तो जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशी या तीन डोंगरांची नावे होत.

1677 साली शिवाजीमहाराजांनी विजापूरकरांकडून जिंजी घेतली, आणि दीर्घ वेढ्यानंतर 1678 मध्ये वेलूरही मराठ्यांच्या हाती आले. जिंजी घेतल्यावर महाराजांनी जुनी बांधकामे पाडून नवे तट व खंदक कसे करविले, याचे वर्णन त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत आहे. लुटीसाठी आलेला सरदार किल्ल्याची अशी डागडुजी करीत बसत नाही. महाराजांनंतर त्यांचे जावई हरजीराजे महाडिक यांनी येथून कारभार पाहिला, आणि 1689 च्या अखेरीस राजाराममहाराज येथे पोहोचल्यावर हा डोंगर स्वराज्याची राजधानी झाला. झुल्फिकारखानाचा वेढा 1690 पासून 1698 पर्यंत रेंगाळला, ही कथा शाळकरी मुलासही ठाऊक असते. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा दुर्ग एकटा जिंजीच होय.

वेढ्याच्या या कथेआड झाकला गेलेला एक व्यवहार मात्र आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. 1690 सालीच, द्रव्याची निकड असलेल्या राजाराममहाराजांच्या दरबाराने कडलूरनजीकचा तेग्नापट्टणचा किल्ला इंग्रजांस विकला. इंग्रजांच्या बाजूने सूत्रे हलविणारा होता मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल. किल्ल्याबरोबर द्यावयाच्या जमिनीची हद्द ठरली ती अशी, की किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाईल तेथवरची भूमी खरेदीदाराची! अर्थात इंग्रजांनी दूरवर मारा करणारी तोफ निवडली. गोळ्यांच्या टप्प्यात आलेली गावे, कडलूर शहरासुद्धा, कंपनीच्या पदरात पडली. तामिळ भाषेत ‘गुंडु’ म्हणजे गोळा. त्यावरून या गावांना ‘गुंडु ग्रामम्’ हे नाव पडले. ना नदी, ना डोंगर, ना रयतेची बोली. दारूच्या जोरावर आखलेली अशी हद्द इतिहासात क्वचितच सापडेल. वेढ्यात सापडलेल्या राजास दोष देणे सोपे आहे, आम्ही तो देणार नाही. परंतु तेथे कंपनीने फोर्ट सेंट डेव्हिड उभा केला, 1746 साली फ्रेंचांनी मद्रास घेतल्यावर कंपनीचा कारभार तेथूनच चालला, आणि पुढे दक्षिण अर्काट जिल्ह्याचे मुख्य ठाणे कडलूरच झाले. तेव्हा त्या जिल्ह्याच्या वंशावळीत एक मराठी विक्रीपत्र आहे, हे विसरता येत नाही.

जिंजी पडल्यावर मोगलांनी कारभाराचे ठाणे तेथे फार काळ ठेवले नाही. जिंजीची हवा मानवत नव्हती, असे कारण सांगितले जाते. ते खरे असेलही. पण डोंगर लढावयास सोयीचा आणि वसुलास गैरसोयीचा, हेही तितकेच खरे. सादतुल्लाखान नवाबाच्या अमदानीत दरबार पालारकाठी अर्काटास स्थिरावला आणि प्रांतास तेच नाव चिकटले. मराठे या मुलखास विसरले नव्हते. 1740 साली रघूजी भोसल्यांनी दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्तअलीस गाठले आणि तो तेथे ठार झाला. नवाबी पुढे टिकली ती इंग्रजांच्या आधाराने, आणि आधार देणाराच अखेर मालक होतो. नवाब महंमदअली स्वतःच मद्रासला, 1768 साली बांधलेल्या चेपाकच्या राजवाड्यात राहू लागला. ज्याच्या नावाने प्रांत, तोच प्रांताबाहेर! 1801 मध्ये कंपनीने सारा कारभार हाती घेतला, आणि उत्तर व दक्षिण असे अर्काटचे दोन जिल्हे अस्तित्वात आले.

असे जिल्हे कारभारासाठी निर्माण होतात आणि कारभारासाठीच मोडतात. सोव्हिएत राजवटीत 1954 साली आर्झामास नावाचा एक ओब्लास्त निर्माण झाला व 1957 साली तो रद्दही झाला. आमच्या अर्काटांनी त्या मानाने दीर्घायुष्य भोगले. 1911 साली उत्तर अर्काटातून चित्तूर निराळा निघाला. 1989 मध्ये तिरुवण्णामलै वेगळे झाले. 1993 मध्ये दक्षिण अर्काटचे दोन भाग होऊन जिंजी विळुप्पुरम जिल्ह्यात गेली. राहिलेल्या तुकड्यांची नावेही पुढे वेलूर व कडलूर अशी बदलली, आणि अर्काट हा शब्द जिल्ह्यांच्या यादीतून नाहीसा झाला.

या घडामोडींत तिरुत्तणी या गावाची हकीकत विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म 1888 साली येथलाच, म्हणजे उत्तर अर्काटातला. ते गाव 1911 साली चित्तूर जिल्ह्यात गेले आणि 1953 साली त्या जिल्ह्याबरोबर आंध्र राज्यात. तामिळ भाषकांनी म. पो. शिवज्ञानम् यांच्या पुढाकाराने त्याविरुद्ध चळवळ केली. या वादाच्या निवाड्यासाठी मध्यस्थ म्हणून नेमले गेले ते हरी विनायक पाटसकर. त्यांनी जिल्हा वा तालुका अखंड धरण्याचा आग्रह सोडला. खेडे हा घटक मानावा, तेथील बहुसंख्यांची भाषा पाहावी, आणि भूमी सलग असावी, हे त्यांचे तत्त्व. त्या आधारे 1 एप्रिल 1960 रोजी तिरुत्तणी मद्रास राज्यात परत आली, आणि त्या बदल्यात मद्रासकडील काही गावे आंध्रात गेली. तोफेच्या गोळ्याने गावे मोजणाऱ्या मुलखात गावाच्या बोलीने हद्द ठरण्यास 270 वर्षे लागली!

बेळगाव-कारवारकडील वाचकांस येथे पुढचे सांगण्याची गरज नाही. 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हा मुख्य घटक धरला होता. बेळगावच्या वादात महाराष्ट्राने पाटसकरांचे हेच तत्त्व पुढे ठेवले. परंतु 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षीच्या अहवालात सीमेवरील काही गावांची अदलाबदल सुचवूनही बेळगाव शहर म्हैसूर राज्याकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिरुत्तणीस लागू पडलेले माप बेळगावास का लागू पडू नये, हा प्रश्न या दाव्यामागे आहे.