ॲडव्हेंचर गेम : वर्गीकरणाच्या निरनिराळ्या पद्धती

ॲडव्हेंचर गेम : खेळाडूने अनोळखी जग धुंडाळायचे, वस्तू गोळा करायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचे आणि कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची, असा व्हिडिओ गेमचा प्रकार. यात बोटांच्या चपळाईपेक्षा डोक्याला जास्त काम असते. एवढ्यावर साधारण सगळ्यांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते पोटप्रकार पाडताना. कोणी खेळाडू आज्ञा कशी देतो ते पाहतो, कोणी चुकीची शिक्षा काय ते पाहतो, कोणी कोडे आणि गोष्ट यांचे प्रमाण मोजतो. त्यामुळे एकच गेम तीन याद्यांत तीन वेगवेगळ्या नावांनी सापडतो आणि तिन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असतात.

या प्रकाराचे नावच मुळी एका गेमवरून पडले. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर आणि हौशी गुहाशोधक. केंटकीतल्या मॅमथ केव्ह परिसरातल्या गुहांचे नकाशे तयार करण्याच्या कामात तो होता. 1975-76च्या सुमारास त्याने पीडीपी-10 या संगणकावर फोरट्रान भाषेत त्या गुहेची शब्दांतली प्रतिकृती लिहिली. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने 1977 मध्ये तिच्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ संगणकांच्या जाळ्यातून सर्वदूर पोहोचला. पडद्यावर चित्र एकही नाही. ‘गेट लॅम्प’ असे दोन शब्द टाइप केले की दिवा हातात येई. मात्र त्याची बॅटरी मोजक्याच चालींपुरती टिकत असे, हे नवख्याला उशिरा कळे.

सर्वांत रुळलेले वर्गीकरण आज्ञा देण्याच्या रीतीवरून होते. निव्वळ मजकुराचे गेम ही पहिली पायरी. एमआयटीत जन्मलेला आणि पुढे इन्फोकॉम कंपनीने विकलेला ‘झॉर्क’ तर दोन शब्दांवर न थांबता पूर्ण वाक्ये समजून घेत असे. 1980 मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने ॲपल टूवर ‘मिस्टरी हाउस’ काढला आणि मजकुराला रेखाचित्रांची जोड दिली. त्यांच्याच ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये 1984 साली पडद्यावर चालता-फिरता नायक आला, पण आज्ञा अजून टाइपच करावी लागे. लुकासफिल्म गेम्सच्या ‘मेनियॅक मॅन्शन’ने 1987 मध्ये हे टायपिंग काढून टाकले. ‘उघड’, ‘ढकल’, ‘उचल’ अशी 15 क्रियापदे पडद्याच्या तळाशी मांडली आणि त्यांवर क्लिक करायला सांगितले. ‘पॉइंट अँड क्लिक’ म्हणून जो वर्ग आज ओळखला जातो, त्याचा साचा इथे पक्का झाला. पुढे क्रियापदे घटत गेली: ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागात 9 उरली, 1997 च्या तिसऱ्या भागात तर डोळा, हात आणि तोंड अशा 3 चिन्हांवर काम भागले.

ही पद्धत सोयीची खरी. पण तिच्यातून गेमच्या स्वभावापेक्षा त्याच्या काळातल्या यंत्राचीच ओळख जास्त होते. 2017 चा ‘थिंबलवीड पार्क’ घ्या. त्याच्या कर्त्यांनी जुन्याची आवड म्हणून 9 क्रियापदे मुद्दाम परत आणली. आज्ञेच्या रीतीवरून तो 1991 च्या त्या दुसऱ्या ‘मंकी आयलंड’शेजारी बसतो. खेळताना मात्र तो कितीतरी जास्त समजूतदार वाटतो.

तो समजूतदारपणा मोजणारी पद्धत कमी प्रसिद्ध, पण जास्त उपयोगाची आहे: चूक झाल्यावर गेम काय करतो? विल्यम्स दांपत्याच्याच सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट 5’ (1990) हे याचे नामांकित उदाहरण. गावात एका क्षणी मांजर उंदराच्या मागे धावते. खेळाडूने तेवढ्यात मांजराला वाळवंटात सापडलेला जुना बूट फेकून मारला तर उंदीर वाचतो. नाही मारला, तर गेम काहीच बोलत नाही. पुढे केव्हातरी नायकाला सराईच्या तळघरात बांधून टाकतात आणि दोर कुरतडायला तोच उंदीर हवा असतो. इन्फोकॉमच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’त (1984) सुरुवातीलाच एका कुत्र्याला सँडविच घालायचे असते. ते राहून गेल्याची किंमत गेमच्या अगदी शेवटी मोजावी लागते. अशा अवस्थेला जाणकार ‘डेड एंड’ म्हणतात: खेळ चालूच राहतो, पण जिंकणे आता शक्य नसते.

मजकुराच्या गेमचा लेखक अँड्र्यू प्लॉटकिन याने 1990 च्या दशकात यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. मराठीत त्या पायऱ्यांना दयाळू, सभ्य, कठीण, खाष्ट आणि क्रूर म्हणता येईल. दयाळू गेममध्ये खेळाडू अडकूच शकत नाही. सभ्य गेममध्ये अडकतो किंवा मरतो, पण ते लगेच दिसते. कठीण गेम परतीची वाट बंद होण्याआधी इशारा देतो, तर खाष्ट गेममध्ये ती बंद झाल्यावर कळते. क्रूर गेममध्ये कळतच नाही. उंदराचा प्रसंग सरळ या शेवटच्या पायरीवरचा. लुकासफिल्मचा रॉन गिल्बर्ट याने 1989 मध्ये एका लेखात अशा रचनेवर कडाडून टीका केली आणि पुढच्याच वर्षी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ काढून आपले म्हणणे करून दाखवले. त्यातला गायब्रश थ्रीपवूड ‘मी 10 मिनिटे श्वास रोखू शकतो’ अशी बढाई मारतो, आणि खरोखरच पाण्याखाली त्याला 10 मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवले तरच तो मरतो.

कोड्यांच्या जातीवरूनही गट पडतात. वस्तूला वस्तू जोडायची कोडी ही जुनी परंपरा, आणि तिची बदनामी झाली ती ‘गॅब्रिएल नाइट 3’मुळे (1999). भाड्याची मोटरसायकल मिळवायला दुसऱ्याचे सोंग घ्यायचे. त्यासाठी भोकावर चिकटपट्टी लावून त्यातून मांजर पळवायचे, पट्टीला चिकटलेले केस मेपल सिरपने ओठावर लावून मिशी करायची. ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मिशी काढायची! ‘मिस्ट’ (1993) मध्ये असला खटाटोप जवळजवळ नाही. तिथे निर्मनुष्य बेटावरची यंत्रे निरखून त्यांचा नियम ओळखायचा असतो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (2018) या लुकास पोपच्या गेममध्ये तर कोडे एकच: जहाजावरच्या 60 जणांचे काय झाले? एकेक उत्तर बरोबर की चूक ते गेम सांगत नाही, तिघांचे नशीब अचूक भरल्यावरच त्यांवर शिक्कामोर्तब होते. त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

कोडी बाजूला सारून गोष्टच पुढे ठेवणाऱ्या गेमचा वेगळा वर्ग मानतात. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (2012) खेळाडू मुख्यतः निर्णय घेतो, तर ‘डिअर एस्थर’ आणि ‘गॉन होम’मध्ये फक्त फिरतो आणि वाचतो-ऐकतो. या दुसऱ्या गटाला ‘वॉकिंग सिम्युलेटर’ हे नाव आधी हिणवण्यासाठी दिले गेले आणि मग तेच रूढ झाले.

जपानमध्ये हिशेब निराळाच आहे. युजी होरीचा ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा गेम 1983 मध्ये टाइप केलेल्या आज्ञांवर चाले. 1985 मध्ये तो फॅमिकॉम या कन्सोलवर आला तेव्हा कीबोर्डच्या जागी तयार आज्ञांची यादी आली. तिथले ॲडव्हेंचर गेम याच मेनूच्या वाटेने वाढले, आणि मजकूर, स्थिर चित्रे व फाटे फुटणारी कथा असलेल्या ‘व्हिज्युअल नॉव्हेल’शी त्यांची सीमा पुसट होत गेली.

सर्वांत मोठा घोळ शेजारच्या प्रकारांच्या कुंपणावर होतो. वॉरन रॉबिनेटने क्राउदर-वुड्सच्या गुहेवरून स्फूर्ती घेऊन अटारीच्या कन्सोलसाठी ‘ॲडव्हेंचर’ लिहिला, पण जॉयस्टिक हाती आल्यावर त्यात ड्रॅगन मारणे आले. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ (1986) आणि ‘टूम रेडर’ (1996) त्याच रांगेतले. यांना ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ म्हणतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (2020) याच वर्गात मोडतो: सर्कशीत वाढलेली राजी भाऊ गोलूला सोडवायला त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते आणि मधल्या काळात कोडीही सोडवते. प्लॉटकिनची मोजपट्टी इथे फारशी लागू होत नाही, कारण हरण्याचे कारण मुख्यतः चुकलेला वार असतो.

कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला ‘डिस्को एलिझियम’ (2019) आहे. त्यात वेगळी लढाईची व्यवस्थाच नाही. स्मृती गेलेला पोलीस बोलत, शोधत, पुरावे जुळवत खुनाचा तपास करतो. वर सांगितलेल्या बहुतेक कसोट्यांवर तो ॲडव्हेंचर ठरतो. पण पात्राचे गुण आकड्यांत मांडलेले आणि निकाल फाशांवर, म्हणून 2019 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला मिळालेल्या पुरस्कारांत एक सर्वोत्कृष्ट रोल-प्लेइंग गेमचा होता.