कुकर कोण लावतं?

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येरवड्यातल्या लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांतून चालत जा. घरं एकमेकांना खेटून, दारं उघडी. एका घरातून शिट्टी येते, समोरच्या घरातून दुसरी, मग वरच्या मजल्यावरून तिसरी. लहानपणी आई मला ओट्यापाशी बसवायची, शिट्ट्या मोजायला. मी हमखास शेजारची एखादी आमच्यात धरायचो. मग आई दारातूनच विचारायची, "ओ वहिनी, आत्ताची तुमची का आमची?"

तेव्हा मला कुकर हा मराठीच शब्द वाटायचा. पुणेकर, नगरकर, सातारकर, तसाच कुकर.

पुढे कळलं की शब्द इंग्रजी आहे, पण आपण वापरतो तो अर्थ मात्र पूर्ण इंग्रजी नाही. ब्रिटनमध्ये नुसतं 'कुकर' म्हटलं की शेगडी, बहुतेकदा खाली ओव्हन असलेली. लंडनमध्ये खोली शोधताना जाहिरातीत 'गॅस कुकर' दिसला, तर वरणभाताची सोय झाली असं समजू नका. आपल्या भांड्याला ते लोक 'प्रेशर कुकर' म्हणतात. आपल्याकडे येताना त्यातलं प्रेशर गळालं आणि कुकर तेवढा उरला.

या शब्दाचं मूळ आणखी मजेशीर आहे. इंग्रजी 'कुक' लॅटिनमधून आला. भाषाशास्त्रज्ञ त्या लॅटिन शब्दाचं आणि संस्कृतमधल्या 'पच्' धातूचं मूळ एकच मानतात. 'पच्'पासून पाक, पचन, पक्व हे शब्द झाले. आंबा पिकतो, रस्ता पक्का होतो, तोही याच घराण्यातला. म्हणजे कुकर आणि स्वयंपाक हे दूरचे भाऊ. स्वयंपाक म्हणजे स्वतः शिजवलेलं. यातलं 'स्वतः' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता भांड्याची गोष्ट. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1679 मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक जाड भांडं दाखवलं. कोंडलेल्या वाफेने हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याने वाफ सोडणारी झडपही बसवली. 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना या भांड्यातलं जेवण वाढलं गेलं. जेवायला जॉन एव्हलिन होता, त्याने डायरीत लिहून ठेवलं की कडक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. यामागचं विज्ञान साधं आहे. उघड्या पातेल्यात पाणी साधारण 100 अंशाला उकळतं आणि तिथेच थांबतं. वाफ कोंडली की तेच पाणी 120 अंशांच्या आसपास जातं आणि डाळ लवकर शिजते.

भारतात 'कुकर' हा शब्द प्रेशरच्या आधीच रुळायला लागला होता. 1910 च्या सुमारास बंगालमधल्या इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळशाचे निखारे, वर एकावर एक डबे, आणि सगळं वाफेवर. सकाळी लावून कामाला जायचं, आल्यावर जेवायचं. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची त्याने मोठी सोय केली. आपण आजही कुकरमध्ये खाली डाळीचा, वर भाताचा डबा ठेवतो, ते पाहिलं की हा जुना इकमिक आठवतो. मग 1959 मध्ये हॉकिन्स कंपनी सुरू झाली, प्रेस्टिजचेही प्रेशर कुकर आले आणि पुढच्या काही दशकांत प्रेशर कुकर लग्नाच्या रुखवतात जाऊन बसला.

भांडं आलं तशी भाषाही बदलली. आधी चुलीवर आधण ठेवायचे, त्यात तांदूळ वैरायचे, डाळ उतू जाऊ नये म्हणून जवळ उभं राहायचं. आज 'वैरणे' म्हटलं तर विशीतल्या किती जणांना कळेल? भात लावणे, दही लावणे हे आपल्याकडे होतंच, त्याच वळणावर 'कुकर लावणे' आलं. कुकर होतो, कुकर पडतो, मग कुकर उघडतो. शिट्टी पोलिसाची, रेल्वेची आणि नाक्यावरच्या टवाळ पोरांची होती, ती स्वयंपाकघरात येऊन वेळ मोजायचं माप झाली. खरंतर कुकरसोबतच्या पुस्तिकेत वेळ मिनिटांत दिलेली असते, कारण आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात. पण "आई, राजम्याला किती शिट्ट्या?" हा फोन हॉस्टेलवरून घरी जातोच.

या सगळ्या वाक्यांत एक गोष्ट नाही. कुकर झाला. कुकर लागला. कुकर व्हायचाय. कुणी लावला? 'भात झाला'मध्येही कर्ता नव्हता, पण चुलीचा धूर आणि डोळे चोळणारी बाई समोर दिसायची. कुकरच्या बाबतीत यंत्र आपोआप सगळं करतंय असं वाटतं. तांदूळ निवडणं, डाळ धुणं, नंतर ती घोटून फोडणी देणं, चिकटलेले डबे घासणं, हे शिट्टीत ऐकू येत नाही. लक्ष्मीनगरातल्या कित्येक बायका सकाळी कल्याणीनगर, विमाननगरच्या सोसायट्यांत स्वयंपाकाला जातात. तिथे त्यांना 'कुक' म्हणतात. दोन-तीन घरचे कुकर लावून त्या परत येतात आणि मग स्वतःचा लावतात.

इथल्याच येरवडा तुरुंगातून 1930 मध्ये गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना पत्रं लिहायचे, ती पुढे 'मंगल प्रभात' या नावाने पुस्तकात आली. त्यातलं एक पत्र अस्वाद व्रतावर आहे. अन्न औषधासारखं घ्यावं, जिभेच्या चोचल्यांसाठी नाही, असा त्याचा सूर. सामुदायिक स्वयंपाकघराचा त्यांना एक मोठा फायदा दिसतो: रोज काय करायचं याचा विचार आपल्याला करावा लागत नाही. वाचताना मी थांबलो. कारण आमच्या घरात हा फायदा आईसोडून आम्हा सगळ्यांना कायमच मिळत होता. "आज काय करू?" हा प्रश्न ती रोज विचारायची आणि आम्ही "काहीही कर" म्हणायचो. तो विचार कुणाच्या तरी डोक्यात राहतोच.

मागच्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. पप्पा तीस वर्षं रोज विचारायचे, "कुकर लागला का?" त्या दिवशी ते पहिल्यांदा ओट्यासमोर उभे राहिले. तांदूळ धुतले, डाळ धुतली, डबे ठेवले, झाकण बसवलं. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. मग जळका वास आला. आतून आईने विचारलं, "अहो, खाली पाणी घातलंत का?"

घातलं नव्हतं. कुकरचा तळ काळाठिक्कर पडला होता आणि आम्ही वडापाव खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना घरच्या ग्रुपवर पप्पांचा मेसेज आला: "मी कुकर लावलाय. पाणी घातलंय." इतक्या वर्षांत आमच्या ग्रुपवर कुकरबद्दल बरेच मेसेज आले होते, पण 'मी'ने सुरू झालेला हा पहिलाच.

घरी पोचलो तेव्हा आई गळ्यात हात अडकवून ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. पप्पा कोथिंबीर निवडत होते. शिट्टी झाली, आईने बोट वर केलं. "ही आपली. दोन झाल्या."