जुन्या घरातल्या रंगीत काचा: स्टेन्ड ग्लास शिकताना सुरुवात कुठून करावी?

चंद्रपूर-गडचिरोली हा सागवानाचा मुलूख. आलापल्लीचं सागवान तर देशभर नावाजलेलं आहे. इथल्या जुन्या घरांत सागवानी चौकटी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. काही घरांत दारावरच्या कमानीत लाल, हिरव्या, निळ्या काचाही दिसतात. त्यातली एखादी फुटली की अनेकदा सगळी चौकटच काढली जाते आणि अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसते. ती काच घरीच बदलता येईल का?

आधी ओळखा: ही खिडकी कोणत्या प्रकारची?

रंगीत काच दिसली की आपण तिला स्टेन्ड ग्लास म्हणतो. पण प्रकार दोन आहेत.

• लाकडी खाचेत बसवलेली रंगीत काच: प्रत्येक तुकडा वेगळा असतो आणि लाकडी पट्टी किंवा लांबीने धरलेला असतो. जुन्या घरांत बहुधा हाच प्रकार आढळतो.

• शिशाने जोडलेली काच: लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत अडकवून चित्र तयार करतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते. खरी स्टेन्ड ग्लास ती हीच.

दुसऱ्या प्रकारचे उत्तम नमुने मुंबईत पाहायला मिळतात: कुलाब्याचं अफगाण चर्च, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठ ग्रंथालय.

'स्टेन्ड' हे नाव कशावरून?

काचेचा रंग बहुतेक वेळा ती वितळलेली असतानाच धातूंची संयुगं मिसळून येतो. कोबाल्टने निळा, तर सोन्याच्या अगदी अल्प अंशाने लाल. काचेवर चांदीच्या संयुगाचा लेप देऊन ती भट्टीत भाजली की पिवळी छटा उतरते. 'स्टेन' हा शब्द मूळचा या प्रक्रियेचा.

नवशिक्याने काय शिकावं?

१. कापणं: साध्या खिडकीच्या काचेवर सराव करा. हिरकणी किंवा चाकाचा कटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दाबाने, एकदाच फिरवा. त्याच रेघेवर पुन्हा फिरवल्यास काच वेडीवाकडी फुटते आणि कटरही बोथट होतो. आधी सरळ रेघा, मग बाहेरचे वळण, आतला खोलगट वळण सर्वांत शेवटी.

२. बसवणं: काच खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं. फट नसेल तर काच तडकते. लांबी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून करता येते.

३. जोडणं: नवशिक्यांना तांब्याच्या पट्टीची पद्धत सोपी जाते. काचेच्या कडा पाणी वापरून घासतात, त्यांवर चिकट तांब्याची पट्टी गुंडाळतात आणि फ्लक्स लावून डाख देतात. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसं असलेला डाख १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. पहिला नमुना चार-सहा तुकड्यांचाच घ्या.

खरा धोका कापण्याचा नाही, शिशाचा

कापलेलं बोट दिसतं, शिशाची धूळ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित मानता येईल अशी कोणतीही पातळी नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो, आणि रांगतं मूल जमिनीवरचा हात सरळ तोंडात घालतं.

जुन्या घरात दुसराही स्रोत असतो: चौकटीवरचा रंग. घरगुती रंगांतील शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं.

• काम स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत करू नका. मुलं आणि गरोदर महिला दूर राहाव्यात.
• जुना रंग किंवा पांढुरकं पडलेलं शिसं कोरडं घासू नका.
• झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.
• काम करताना खाऊ-पिऊ नका. नंतर साबणाने हात धुवा आणि कपडे वेगळे धुवा.
• खिडक्या उघड्या ठेवा. कापताना चष्मा वापरा.

स्वतः कधी करू नये?

शिशाने जोडलेली खिडकी फुगून बाहेर आली असेल किंवा काचेवर रंगवलेलं चित्र असेल, तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि जतनतज्ज्ञांना दाखवा. चित्र पुसलं गेलं तर ते परत येत नाही. लाकडी खाचेतली सुटी काच मात्र गावातल्या अनुभवी सुताराला सोबत घेऊन बदलता येते. फुटलेले तुकडे टाकू नका. नवी काच शोधताना रंग जुळवायला तेच कामी येतात.