सस्पेन्शनचे झिजलेले भाग : एकत्र बदलावेत की एकेक?

मोटारीची चाके आणि तिचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, आर्म, सांधे आणि रबरी बुश यांच्या एकत्रित रचनेला सस्पेन्शन म्हणतात. खड्ड्यांचे हादरे प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम सर्वांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे टायर सतत रस्त्याला टेकलेला ठेवणे. टायर टेकलेला असेल तरच ब्रेक लागतो आणि स्टिअरिंगला अर्थ उरतो. ही रचना हळूहळू झिजते आणि चालकाला त्या झिजेची सवय होत जाते. मग एखाद्या दिवशी ऑइल बदलण्यासाठी गाडी नेली असता कारागीर सांगतो की, पुढचा उजवा स्ट्रट गळतो आहे. एकाऐवजी दोन्ही बदलावेत, जमल्यास चारही, आणि ‘खोललेच आहे तर’ आर्म आणि लिंकही. अडीचशे डॉलरच्या अपेक्षेने गेलेल्याच्या हाती अडीच हजारांचा अंदाज पडतो.

टेक्सासमध्ये हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात मालकाच्याच विवेकावर सोपवला गेला आहे. विधिमंडळाने २०२३ साली संमत केलेल्या एचबी ३२९७ या कायद्यान्वये १ जानेवारी २०२५ पासून खासगी, बिगर-व्यावसायिक वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी रद्द झाली. तपासणी गेली, शुल्क मात्र नाव बदलून राहिले : नोंदणीच्या वेळी साडेसात डॉलर अद्याप भरावे लागतात. फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेन्टन या दोन काउंट्यांत पसरलेले आहे आणि दोन्ही ठिकाणी पेट्रोल गाड्यांची धूर तपासणी कायम आहे. परंतु तीत स्टिअरिंग, ब्रेक वा टायर कोणी पाहत नाही. विजेवरच्या गाड्यांना धूर तपासणीही लागू नाही. वजनदार बॅटरीमुळे सस्पेन्शनवर अधिक भार वाहणाऱ्या या गाड्यांच्या खाली, मालकाने स्वतःहून सांगितल्याशिवाय, वर्षानुवर्षे कोणी डोकावणार नाही. जुनी तपासणीही फार खोलवर जात नसे, हे खरे. पण वर्षातून एकदा का होईना, तिऱ्हाईत नजर गाडीवरून फिरत होती.

फ्रिस्कोच्या रस्त्यांचाही या झिजेत वाटा आहे आणि त्याचे मूळ मराठी माणसाला परक्या न वाटणाऱ्या मातीत आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कापसाची काळी जमीन मृदाशास्त्रात ‘व्हर्टिसॉल’ वर्गात मोडते. टेक्सासच्या ब्लॅकलँड प्रेअरीतील ‘ह्यूस्टन ब्लॅक’ ही मातीही त्याच वर्गातली. एकेकाळी इथेही कापूसच पिकत असे. उन्हाळ्यात ही माती आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. घराचा पाया हलू नये म्हणून फ्रिस्कोकर उन्हाळ्यात भिंतीलगत पाणी सोडतात. रस्त्याला असे पाणी कोणी घालत नाही. परिणामी काँक्रीटचे तुकडे सांध्यांपाशी वरखाली होतात आणि लांबून गुळगुळीत दिसणारा रस्ता चाकांना अखंड लहानलहान ठोके देत राहतो. त्यात शहराची वाढ : २००० च्या जनगणनेत ३३,७१४ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २,००,५०९ झाली, आणि रुंदीकरण चालू नाही असा हमरस्ता शोधावा लागतो. उन्हाळ्यात शंभर अंश फॅरनहाइटपलीकडे जाणारे तापमान रबरी बुश लवकर कडक करते. बर्फाळ राज्यांतील मीठ इथल्या रस्त्यांवर क्वचितच पडते, ही एक जमेची बाजू.

अंदाजपत्रक वाचताना शब्दांचा थोडा घोटाळा होतो. पुण्या-मुंबईतला मेकॅनिक ज्याला लोअर आर्म म्हणतो, तो इथे लोअर कंट्रोल आर्म. लिंक रॉड म्हणजे स्वे बार एन्ड लिंक. बुश म्हणजे बुशिंग. ज्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते, तो आधुनिक गाड्यांत पुढच्या बाजूला बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटनमधील कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमधून रूढ झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, शॉक ॲब्सॉर्बर केवळ हादरे आवरत नाही, चाक उभे धरण्याचे कामही तोच करतो. म्हणूनच स्ट्रट बदलला की चाकांचा कोन बदलतो आणि व्हील अलाइनमेंट ओघानेच येते.

‘एकत्र बदला’ या सल्ल्यात तीन निरनिराळी कारणे मिसळलेली असतात आणि तिन्हींचे वजन सारखे नसते.

पहिले कारण यांत्रिक आहे आणि ते सर्वांत भक्कम. एकाच आसावरचे दोन्ही स्ट्रट, दोन्ही शॉक किंवा दोन्ही स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला लाखभर मैल चाललेला स्ट्रट असेल, तर जोराचा ब्रेक दाबताना किंवा वळणावर दोन्ही चाके वेगवेगळ्या प्रकारे दबतात. बसकी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग यांच्या उंचीतही फरक राहतो. इथे एका बाजूचे पैसे वाचवणे ही खोटी काटकसर ठरते. अपवाद आहे : पंधरा-वीस हजार मैल चाललेल्या गाडीचा एक स्ट्रट खड्ड्यात आपटून वाकला, तर दुसरा जवळपास नवाच असतो, तिथे जोडीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. विजेने नियंत्रित होणारे महागडे स्ट्रट असतील तर हा अपवाद आणखी मोलाचा. मात्र पुढची जोडी गेली म्हणून मागचीही बदलावी, हा नियम नव्हे. मागची जोडी स्वतंत्रपणे तपासावी.

दुसरे कारण मजुरीचे, आणि ते आकडेमोडीने तपासता येते. उदाहरणापुरते असे धरू की मजुरी ताशी १५० डॉलर, एका स्ट्रटला दोन तास, दोन्ही एकदम केल्यास साडेतीन तास आणि अलाइनमेंटचे १३० डॉलर. दोन वेगळ्या खेपांत मजुरी आणि अलाइनमेंट मिळून ८६० डॉलर होतात, एका खेपेत ६५५. शिवाय स्ट्रट काढताना वरचे माउंट आणि त्याचे बेअरिंग हातात येतेच, आणि बहुतेक गाड्यांत लिंक रॉड सोडवावा लागतोच. या वस्तूंची केवळ किंमत द्यायची असते, मजुरी जवळजवळ नाही. त्या याच वेळी बदलाव्यात, जुन्या ठीक दिसल्या तरी. नवा स्ट्रट आणि जुने कुरकुरणारे माउंट ही जोडी सहा महिन्यांत गाडीला पुन्हा त्याच लिफ्टवर चढवते.

कंट्रोल आर्मचा हिशोब निराळा. त्याची मजुरी बरीचशी स्वतंत्र असते. स्ट्रटबरोबर केल्याने मुख्यतः एक अलाइनमेंट वाचते. आर्मचे काम, समजा, ७०० डॉलरचे असेल आणि त्यात आज खेळ नसेल, तर उद्याचे १३० वाचवण्यासाठी आजच ७०० खर्चण्याचा तो सल्ला होतो. गाडी दोन वर्षांनी विकायची असेल तर ते ७०० कदाचित कधीच लागणार नाहीत.

तिसरे कारण वयाचे : ‘सगळे एकाच वेळचे आहेत, एकाच वेळी जातील.’ हे सर्वांत दुबळे. स्ट्रटमधले तेल, बुशचे रबर आणि बॉल जॉइंटचा पोलादी सांधा वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या गतीने झिजतात. मन्रो ही शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी ५० हजार मैलांनंतर ते बदलण्याची शिफारस करते. पण शिफारस करणाऱ्याचा व्यवसाय कोणता, हेही ध्यानात ठेवावे. अंगावर तेलाचा पुसट थर असलेला स्ट्रट लगेच टाकाऊ होत नाही. तेल ओघळत असेल, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल किंवा ब्रेक मारताना गाडीचे नाक खाली जात असेल, तर पुरावा पुरेसा आहे. बॉनेटवर दाब देऊन गाडी किती वेळा उसळते हे पाहण्याची जुनी रीत आजच्या गाड्यांत फारशी भरवशाची नाही.

काही भागांना मात्र हा सारा हिशोब लागूच नाही. बॉल जॉइंट सांध्यातून निखळला तर चाक आडवे पडते, आणि टाय रॉडचे टोक सुटले तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा उरत नाही. डॅलस नॉर्थ टोलवेवर सत्तर मैलांच्या वेगात यांपैकी काहीही घडले, तर चालकाच्या कौशल्याला वाव राहत नाही. गळका स्ट्रट महिनाभर थांबू शकतो. खेळ आलेला बॉल जॉइंट थांबू शकत नाही. विरोधाभास असा की गळका स्ट्रट गाडी लिफ्टवर चढताच दिसतो, तर बॉल जॉइंटचा खेळ चाक उचलून, कांबीने हलवून पाहावा लागतो. दहा ओळींचे अंदाजपत्रक हाती आले तर पहिला प्रश्न हा विचारावा : कोणत्या भागात प्रत्यक्ष खेळ आढळला आणि तो दाखवता येईल का? चांगला कारागीर गाडीखाली बोलावून दाखवतो. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑटोमोटिव्ह सर्व्हिस एक्सलन्स ही १९७२ मध्ये स्थापन झालेली संस्था सस्पेन्शन आणि स्टिअरिंगसाठी ‘ए ४’ हे स्वतंत्र प्रमाणपत्र देते. ते कोणाकडे आहे, हे विचारण्यात संकोच नसावा.

काम कसे झाले यावरही आयुष्य अवलंबून असते. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच्या स्थितीत पक्के आवळावे लागतात. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलेले राहते आणि नवे बुश अल्पावधीत फाटते. अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापील कागदावर मागून घ्यावेत. काही उत्पादकांच्या सूचनांनुसार अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा सेन्सर किंवा पुढचा कॅमेराही नव्याने जुळवावा लागतो. हा खर्च अंदाजात आहे की नाही, ते आधीच पाहावे. न्यू जर्सी वा मिशिगनहून नोकरीनिमित्त आणलेल्या गाडीत गंजून घट्ट बसलेले बोल्ट मजुरीचे तास वाढवतात. तिथे एकदा उघडल्यावर शेजारचा शंकास्पद भागही बदलून टाकण्याच्या बाजूने पारडे झुकते. स्प्रिंग दाबून स्ट्रट सोडवण्याचे काम घरच्या गॅरेजमध्ये करू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवघेणी ठरते. ज्यांना स्वतः करायचेच आहे, त्यांच्यासाठी स्प्रिंग आणि माउंटसह जोडून आलेले तयार स्ट्रट मिळतात.

गाडी पुढे कोण चालवणार, हेही निर्णयात धरावे लागते. फ्रिस्कोतील अनेक घरांत १ लाख १० हजार मैल चाललेली कॅमरी विकली जात नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती ती सोपवली जाते. अशा गाडीच्या बाजारभावाशी दुरुस्तीचा खर्च ताडून पाहण्यात अर्थ नाही. पुढची जोडी, माउंट, लिंक आणि खेळ आलेला प्रत्येक सांधा त्याआधीच बदललेला असावा. शाबूत आर्म आणि मागचे शॉक पुढच्या तपासणीपर्यंत राहू द्यावेत. दुरुस्तीपूर्वी गाडीचा सतरा अक्षर-अंकी व्हीआयएन क्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा : तो भाग उत्पादकाने परत मागवला असेल, तर दुरुस्ती बहुधा विनामूल्य होते. वॉरंटी शिल्लक असेल तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याचीही आठवण ठेवावी. केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही.